मंचावरून घेतलेली नावे

रॉक संगीताचा प्रत्यक्ष कार्यक्रम ध्वनिमुद्रिकेहून वेगळा ठरतो, तो मुख्यतः दोन गाण्यांमधल्या जागेमुळे. मुद्रिकेवर तिथे काही सेकंदांची शांतता असते. मंचावर तिथे गायक बोलतो. कधी तो चालू गाणे थांबवून बोलतो, कधी ओळ बदलतो, कधी एखाद्या माणसाचे नाव घेऊन पुढचे गाणे त्याला अर्पण करतो. समोर हजारो माणसे असतात, हाती माइक असतो आणि त्या अर्ध्या मिनिटावर ध्वनिमुद्रण कंपनीचा किंवा रेडिओ केंद्राचा ताबा नसतो. राजकीय संदेश आणि श्रद्धांजली या दोन्ही गोष्टी रॉकमध्ये शिरल्या त्या बहुतांशी याच जागेतून.

ही रीत रॉकने घडवलेली नाही; अमेरिकी लोकगायकांकडून ती आली. पीट सीगरसारखे गायक कामगारांच्या सभांमध्ये आणि काळ्या नागरिकांच्या हक्कांच्या मोर्चांमध्ये गात असत. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला जी विराट सभा झाली, तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी जोन बाएझ आणि बॉब डिलन गायले. डिलनने त्या दिवशी निवडलेल्या गाण्यांपैकी एक मेडगर एव्हर्स यांच्या खुनावर होते. मिसिसिपीतल्या या कार्यकर्त्याला जूनमध्ये त्यांच्या घरासमोर गोळी घालण्यात आली होती; म्हणजे घटना अडीच महिन्यांपूर्वीची होती. दोन वर्षांनी न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. लोकगीताचा हा वारसा त्याच सुमारास रॉककडे आला.

वुडस्टॉकच्या महोत्सवात, ऑगस्ट १९६९ मध्ये, या वारशाची दोन टोके दिसली. ‘द हू’ या बँडचा कार्यक्रम चालू असताना ॲबी हॉफमन हा चळवळ्या मंचावर चढला आणि तुरुंगात असलेल्या जॉन सिंक्लेअरविषयी बोलू लागला. पीट टाउनशेंडने त्याला मंचावरून हुसकावून लावले. संदेश महत्त्वाचा होता, पण तो गाण्यातून आला नव्हता, गाण्यावर लादला गेला होता. दुसरे टोक म्हणजे १८ ऑगस्टच्या सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्सने गिटारवर वाजवलेले अमेरिकेचे राष्ट्रगीत. त्याने एक शब्दही उच्चारला नाही. राष्ट्रगीताच्या सुरांमध्ये त्याने गिटारच्या फीडबॅकमधून बाँबचे, विमानांचे आणि किंकाळ्यांचे आवाज उभे केले. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा ऐन भरात होते आणि हेंड्रिक्स स्वतः अमेरिकी लष्कराच्या छत्रीधारी तुकडीत नोकरी करून आलेला होता. चार लाखांच्या गर्दीतले बहुतेक लोक तोवर घरी निघून गेले होते. उरलेल्यांनी आणि नंतर महोत्सवावरचा चित्रपट पाहणाऱ्यांनी ते ऐकले. रॉकच्या इतिहासात याहून थेट राजकीय वादन क्वचितच झाले असेल.

सिंक्लेअरचे प्रकरण मात्र तिथे संपले नाही. गांजाच्या दोन सिगारेटींसाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. १० डिसेंबर १९७१ रोजी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथे त्याच्या सुटकेसाठी मोठा कार्यक्रम झाला; जॉन लेनन, योको ओनो आणि स्टीव्ही वंडर त्यात होते. तीन दिवसांनी सिंक्लेअर सुटला. याचे सारे श्रेय गाण्याला देणे बरोबर नाही, कारण राज्याच्या विधिमंडळाने त्याच आठवड्यात शिक्षा सौम्य करणारा कायदा संमत केला होता. पण सरकारने लेननची दखल घेतली. त्याला देशाबाहेर घालवण्याची कारवाई १९७२ मध्ये सुरू झाली आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळायला १९७६ उजाडले. मंचावरच्या बोलण्याची किंमत मोजावी लागते, हे एका जगप्रसिद्ध गायकाच्या बाबतीत त्या वर्षांत उघड दिसले.

याच १९७१ सालात भारतीय उपखंडाशी थेट जोडलेला कार्यक्रम झाला. नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानात काही लाख माणसे मारली होती. त्यावर २५ मार्च १९७१ पासून पाकिस्तानी लष्कराची कत्तल सुरू झाली आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले; वर्षअखेर त्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. पंडित रविशंकर यांचे कुटुंब मूळचे जेसोर भागातले, उस्ताद अली अकबर खाँ यांचा जन्म पूर्व बंगालातल्या शिबपूरचा. रविशंकरांना एखादा कार्यक्रम करून पंचवीस हजार डॉलर उभे करायचे होते. त्यांनी ही गोष्ट जॉर्ज हॅरिसनच्या कानावर घातली आणि हॅरिसनने काही आठवड्यांत न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन ठरवून बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन अशी मंडळी गोळा केली. १ ऑगस्ट १९७१ रोजी दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले.

सुरुवात सतार आणि सरोदच्या जुगलबंदीने झाली. तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ होते आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्ये लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हा किस्सा नेहमी सांगितला जातो. त्याहून लक्षात ठेवण्याजोगे आहे ते रविशंकरांचे निवेदन. आपण कलावंत आहोत, राजकारण करायला आलो नाही, बांगलादेशातली वेदना संगीतातून तुमच्यापर्यंत पोचावी एवढीच इच्छा आहे, असे त्यांनी सांगितले. भाषा सौम्य होती, पण कार्यक्रमाच्या नावातच राजकारण होते. ‘बांगलादेश’ नावाच्या देशाला भारतानेसुद्धा तेव्हा मान्यता दिलेली नव्हती. ती ६ डिसेंबरला मिळाली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्या बाजूने उभे होते आणि त्याच जुलैत निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे चीनला जाऊन आले होते. अशा वेळी न्यूयॉर्कच्या भर वस्तीत, तिकिटांवर आणि फलकांवर ते नाव छापले गेले, हॅरिसनने ते गाण्यात गायले आणि ते गाणे रेडिओवरून घरोघरी पोचले. अमेरिकेतल्या असंख्य तरुणांनी त्या देशाचे नाव पहिल्यांदा ऐकले ते रॉक गायकाच्या तोंडून.

तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर ५० सेंट युनिसेफला गेले. अल्बम आणि चित्रपटातून मिळालेल्या मोठ्या रकमेची कथा मात्र क्लेशकारक आहे. धर्मादाय संस्थेशी कागदोपत्री व्यवस्था आधी केलेली नसल्याने अमेरिकेच्या करखात्याने हरकत घेतली आणि पैसा अनेक वर्षे अडकून पडला. भुकेलेल्यांना तो हवा होता त्या वर्षी तो मिळाला नाही. पुढे मदतीसाठी झालेल्या अनेक मोठ्या कार्यक्रमांच्या आयोजकांनी हा धडा गिरवला.

त्या मंचावर असलेला एरिक क्लॅप्टन पाच वर्षांनी वेगळ्याच कारणाने इतिहासात आला. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात तो दारूच्या अमलाखाली बोलला. परदेशातून आलेल्यांना ब्रिटनमधून घालवून द्यावे आणि स्थलांतरितांना विरोध करणारे राजकारणी इनॉक पॉवेल यांना पाठिंबा द्यावा, असे त्याच्या बोलण्याचे सार होते. माइकसमोरचे अर्धे मिनिट द्वेषासाठीही वापरता येते, हे तिथे दिसले. काळ्या अमेरिकी गायकांच्या ब्लूजवर कीर्ती मिळवलेल्या माणसाने असे बोलावे याचा संताप व्यक्त करणारे पत्र छायाचित्रकार रेड सॉन्डर्स आणि त्याच्या मित्रांनी संगीत साप्ताहिकांना लिहिले. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कला पोचला. तिथे द क्लॅश, टॉम रॉबिन्सन, एक्स-रे स्पेक्स आणि रेगे गाणारा स्टील पल्स हा बँड एकाच मंचावर आले. गोरे पंक आणि काळे रेगेवाले एकत्र वाजवतात हाच संदेश होता, भाषणाची वेगळी गरज नव्हती. पुढच्या वर्षी २३ एप्रिलला लंडनच्या साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. साउथॉल ही मुख्यतः पंजाबी वस्ती. अटक झालेल्या तिथल्या तरुणांच्या खटल्यांसाठी जुलैत द क्लॅश आणि पीट टाउनशेंड यांनी लंडनमध्ये कार्यक्रम केले. वुडस्टॉकला हॉफमनला हुसकावणारा टाउनशेंड तो हाच.

लोखंडी पडद्यापलीकडे परिस्थिती उलटी होती. तिथे गायकाने काही न बोलताही सरकारला संदेश ऐकू येत असे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, त्यानंतर काही आठवड्यांत ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा बँड स्थापन झाला. त्यांच्या गाण्यांत घोषणा नव्हत्या. लांब केस आणि सरकारला न कळणारे संगीत एवढाच त्यांचा गुन्हा. १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला, तेव्हा ते मित्रांच्या लग्नकार्यात वाजवू लागले. त्यांचे मार्गदर्शक इव्हान यिरोउस यांच्या लग्नानिमित्त फेब्रुवारी १९७६ मध्ये असाच एक महोत्सव झाला. पुढच्या महिन्यात धरपकड झाली. सप्टेंबरच्या खटल्यात यिरोउस यांना अठरा महिने आणि सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव्ह ब्राबेनेत्स यांना आठ महिने कैद झाली. नाटककार वाक्लाव्ह हावेल खटल्याला हजर होते. रॉक वाजवणाऱ्या पोरांचे स्वातंत्र्य गेले तर लेखकांचेही राहत नाही, हे ओळखून विचारवंत, पाद्री आणि पूर्वीचे कम्युनिस्ट एकत्र आले आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ प्रसिद्ध झाली. डिसेंबर १९८९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. एका बँडच्या बचावातून एवढे मोठे राजकीय फळ आल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पूर्व बर्लिनमध्ये १९ जुलै १९८८ रोजी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा कार्यक्रम झाला, तो खुद्द कम्युनिस्ट युवक संघटनेच्या निमंत्रणावरून. आयोजकांनी तो निकाराग्वाच्या समर्थनार्थ असल्याचे जाहीर केल्यामुळे स्प्रिंगस्टीन भडकला. त्याने जर्मन भाषेत दोन-चार वाक्ये बोलून आपण कोणत्याही सरकारच्या बाजूने वा विरोधात आलेलो नाही हे स्पष्ट केले आणि सगळे अडसर एक दिवस दूर होतील अशी आशा व्यक्त केली. भाषणाच्या मसुद्यात ‘भिंती’ हा शब्द होता. तो ऐनवेळी बदलला गेला. समोरच्या लाखो तरुणांना अर्थ कळायचा तो कळलाच. त्यानंतर त्याने डिलनचे स्वातंत्र्यावरचे गाणे गायले.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध रॉकने जे काम केले ते सर्वांत सलग आणि सर्वांत परिणामकारक म्हणावे लागते. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांचा १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिस कोठडीतल्या मारहाणीमुळे मृत्यू झाला. पीटर गॅब्रिएलने १९८० मध्ये त्यांच्यावर गाणे केले आणि पुढे अनेक वर्षे तेच गाणे कार्यक्रमाच्या शेवटी ठेवले. त्याची मांडणी पाहण्यासारखी असे. श्रोत्यांना धून गायला लावून गॅब्रिएल मंचावरून निघून जाई, मग एकेक वादक वाद्य ठेवून जाई, शेवटी ढोल तेवढा उरे आणि समोरचा जमाव गात राही. श्रद्धांजली वाहण्याचे काम श्रोत्यांवर सोपवण्याची ही कल्पना असामान्य होती.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८० मध्ये सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते. तरी बोफुथात्स्वाना या नावापुरत्या स्वतंत्र प्रदेशातल्या सन सिटी या विलासनगरीत गलेलठ्ठ मानधन घेऊन गाणारे पुष्कळ होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ तिथे गेले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला फारुख बलसारा. आम्ही राजकारणात नाही, सर्व वर्णांच्या श्रोत्यांसाठी गातो, असे बँडचे म्हणणे होते. ब्रिटनच्या वादक संघटनेने दंड ठोठावला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत त्यांचे नाव गेले. क्वीनचे संगीत कितीही थोर असले तरी हा निर्णय चूकच होता. पुढच्याच वर्षी स्टीव्हन व्हॅन झँटने पन्नासहून अधिक कलाकारांना जमवून सन सिटीत गाणार नाही अशी जाहीर प्रतिज्ञा करणारे गाणे काढले.

त्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातल्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ झाले. लंडन आणि फिलाडेल्फियातल्या या कार्यक्रमाने मदतनिधीचे सारे उच्चांक मोडले, पण दुष्काळामागचे तिथल्या मेंगिस्तू राजवटीचे युद्ध आणि सक्तीची स्थलांतरे यांबद्दल मंचावर मौनच राहिले. याच स्थलांतरांवर टीका केली म्हणून एका फ्रेंच वैद्यकीय संघटनेला डिसेंबरमध्ये त्या देशातून हाकलण्यात आले. पैसा जमला, कारण सांगितले गेले नाही.

दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या बाबतीत नेमके उलट घडले. जेरी डॅमर्सने १९८४ मध्ये ‘स्पेशल ए.के.ए.’ या बँडसाठी त्यांच्या सुटकेची मागणी करणारे गाणे लिहिले. नाचायला लावणारी चाल आणि वारंवार येणारे ते नाव यांमुळे ते ब्रिटनमध्ये घरोघर पोचले. ११ जून १९८८ रोजी वेम्बली स्टेडियमवर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम झाला आणि साठाहून अधिक देशांत दाखवला गेला. निर्माते टोनी हॉलिंग्जवर्थ यांची आखणी धोरणी होती. निषेधसभा म्हटले असते तर दूरचित्रवाणी कंपन्या फिरकल्या नसत्या. वाढदिवसाचा सोहळा म्हटल्यावर त्यांच्या मनोरंजन विभागांनी तो घेतला. अवघ्या आठ महिन्यांपूर्वी पंतप्रधान थॅचर यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दहशतवादी संघटना म्हटले होते. अमेरिकेत फॉक्स वाहिनीने बरीच राजकीय वक्तव्ये कापली, यावरून कलाकार संतापले. तरीही दिवसभर एका कैद्याचे नाव जगभर घेतले गेले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले आणि १६ एप्रिलला त्याच वेम्बलीच्या मंचावरून त्यांनी स्वतः भाषण केले.

बाहेरच्यांपेक्षा खुद्द दक्षिण आफ्रिकेतल्या गायकांचे धैर्य मोठे होते. गोरा जॉनी क्लेग आणि झुलू सिफो म्चुनू यांनी ‘जुलुका’ हा मिश्र बँड काढला, तोच मुळात वर्णद्वेषी कायद्यांना आव्हान होता. क्लेगने १९८७ मध्ये ‘सावुका’ बँडसह केलेल्या गाण्यात तुरुंगातल्या मंडेलांचा उल्लेख आहे. शिवाय स्टीव्ह बिको, वकील व्हिक्टोरिया म्झेंगे आणि कामगार संघटक नील ॲगेट ही तीन मृतांची नावे एकामागून एक घेतली जातात. मंडेलांचे छायाचित्र छापण्यावर तेव्हा त्या देशात बंदी होती. १९९९ मध्ये फ्रँकफर्टला क्लेग हेच गाणे गात असताना मागून मंडेला मंचावर आले आणि नाचू लागले.

आयर्लंडच्या ‘यू टू’ या बँडने रॉकमधल्या राजकीय बोलण्याला वेगळे वळण दिले, कारण त्यांनी स्वतःच्याच श्रोत्यांना दुखावण्याचा धोका पत्करला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्या रविवारावर त्यांचे १९८३ मधले गाणे आहे. ते आयरिश बंडखोरांचे रणगीत समजले जाऊ नये म्हणून गायक बोनो मंचावर पांढरा झेंडा घेऊन फिरत असे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी युद्धातील मृतांना अभिवादन करण्यासाठी एनिस्किलनला जमलेल्या लोकांमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीचा बाँब फुटला आणि अकरा जण ठार झाले. त्याच रात्री अमेरिकेत डेन्व्हरला कार्यक्रम होता. गाण्याच्या मध्यावर बोनोने वाद्यांचा आवाज खाली आणला आणि दूर अमेरिकेत बसून मायदेशातल्या ‘क्रांती’चे गोडवे गाणाऱ्या आयरिश अमेरिकनांना खडे बोल सुनावले. निवृत्त म्हाताऱ्यांना बाँबने मारण्यात कसले शौर्य, हा त्याचा सवाल होता. समोर बसलेल्यांना न आवडणारे सत्य त्यांच्यासमोरच सांगणे ही या प्रकारातली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती त्या रात्री साधली. पुढे १९ मे १९९८ रोजी, उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराच्या सार्वमताला तीन दिवस उरले असताना, बेलफास्टच्या मंचावर त्याने कॅथलिक नेते जॉन ह्यूम आणि प्रॉटेस्टंट नेते डेव्हिड ट्रिंबल यांचे हात एकत्र उंचावले. तिथे करार ७१ टक्के मतांनी संमत झाला.

आयर्लंडचीच शिनेड ओ’कॉनर हिला मात्र फार मोठी किंमत द्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर बॉब मार्लेचे गाणे वाद्यांविना गाताना तिने त्यात बालकांच्या छळाचा उल्लेख घातला आणि शेवटी पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र फाडले. तेरा दिवसांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डिलनच्या गौरवाचा कार्यक्रम होता. तिथे तिची हुर्यो उडवण्यात आली. ठरलेले गाणे सोडून तिने तेच मार्लेचे गाणे पुन्हा ओरडून म्हटले. १९६३ मध्ये अन्यायाविरुद्ध गाणाऱ्या डिलनला मानवंदना द्यायला आलेल्या लोकांनीच तिचे ऐकून घेतले नाही. चर्चच्या संस्थांमधल्या छळाचे आणि तो दडपल्याचे अधिकृत चौकशी अहवाल आयर्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झाले. ती म्हणत होती ते खरे होते.

भारतात ही परंपरा तुटक स्वरूपात आली. शिलाँगचे लू माजाव १९७२ पासून दर २४ मे रोजी डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आले आहेत. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने ३० सप्टेंबर १९८८ रोजी स्प्रिंगस्टीन, स्टिंग, गॅब्रिएल आणि ट्रेसी चॅपमन दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर गायले. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करून आले होते. महाराष्ट्रातल्या नंदुरबारपर्यंत पसरलेल्या त्या खोऱ्यातली गाणी त्यांनी रॉकच्या मंचावर आणली. ‘मा रेवा’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. १५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू टू’चा भारतातला पहिला कार्यक्रम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. ए. आर. रहमान यांच्यासह अहिंसेवरचे गाणे झाले आणि पडद्यावर झळकलेल्या कर्तृत्ववान स्त्रियांमध्ये ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत हत्या झालेल्या पत्रकार गौरी लंकेश यांचेही छायाचित्र होते. भारतीय रॉक बँडनी स्वतःच्या मंचावरून अशी नावे घेतल्याचे प्रसंग मात्र अजून मोजकेच आहेत.